अर्जदाराची सासू

पेणच्या कोर्टाबाहेर माझं टायपिंगचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक संगणक, एक झेरॉक्सचं मशीन आणि गिऱ्हाइकांना बसायला एक बाक. लोकांची इतकी भांडणं मी टाइप केली आहेत की सासू-सुनेचं भांडण मला डोळे मिटूनही टाइप करता येईल. ‘सासू येता-जाता टोचून बोलत असे’, ‘माहेरून पैसे आणण्यासाठी तगादा लावत असे’ ही वाक्यं माझ्या संगणकात कायमची साठवलेली आहेत. फक्त नावं बदलायची. वकीलसुद्धा घाईत असले की म्हणतात, मंदाताई, तो सासूवाला परिच्छेद टाका. त्या परिच्छेदात न बसणारी एकच सासू मी आजवर पाहिली, ती म्हणजे चांगुणाबाई.

त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा त्यांच्या सुनेचं, वनिताचं प्रकरण बरंच जुनं झालं होतं. वनिता गडबची. तिला निडीजवळच्या एका गावात दिली होती. नवरा रोह्याला कंपनीत कंत्राटदाराकडे कामाला. लग्नानंतर तीनेक वर्षांत त्याने रोह्यात वेगळी खोली घेतली, ती कोणासाठी घेतली हे गावाला कळलं, आणि वनिता पोरीला कडेवर घेऊन माहेरी परतली. इथे पेणला गणपतीच्या कारखान्यात रंगकामाला जायला लागली. स्वतःसाठी तिने कोर्टाकडे काही मागितलं नाही. पोटगी मागितली ती पोरीसाठी, श्रावणीसाठी. कोर्टाने दरमहा अमुक इतके द्यावेत असा हुकूम केला. त्या दिवशी वनिताने मला पेढा दिला होता. तिला वाटलं, झालं. हुकूम म्हणजे नुसता साखरपुडा असतो आणि संसार पुढेच असतो, हे पेढा खाता खाता मला तिला सांगवेना.

कारण पैसा काही येईना. मग वसुलीचा अर्ज. अर्जावर नोटीस, नोटीस परत. जप्तीचं वॉरंट, तेही परत. मग अटकेचं वॉरंट. ते पेणहून रोह्याला जायचं आणि तिथल्या पोलिसांचा शेरा घेऊन माघारी यायचं: ‘सदर नावाचा इसम गावी मिळून आला नाही.’ या प्रत्येक जाण्या-येण्यात महिनेच्या महिने जात. कधी साहेब रजेवर, कधी साहेबांची बदली, कधी वकिलांचं कामबंद. त्यात असं आहे की या मार्गाने वसुली मागायची तर वर्षाच्या आत मागावी लागते, नाहीतर मागचं बुडतं. म्हणून जुन्या अर्जाचा निकाल लागायच्या आत मी वनितासाठी नवा अर्ज टाइप करत असे. पोरगी अंगणवाडीतून शाळेत गेली, शाळेत वरच्या वर्गात गेली, आणि माझ्या अर्जातलं तिचं वय मी दरवर्षी वाढवत गेले.

अशाच एका तारखेला वनिता बाकावर बसली होती आणि तिचे वकील, पाटकर, उभ्याउभ्या कागद चाळत होते. तेवढ्यात एक काटक म्हातारी दुकानाच्या पायरीशी आली. चपला बाहेर काढल्या. माझ्या दुकानाच्या दारात आजवर कोणी चपला काढल्या नव्हत्या. हातात कापडी पिशवी, कपाळावर ठसठशीत गोंदण, आणि नऊवारीचा काष्टा असा घट्ट की शेतातून बांधावर चढून थेट कोर्टात आल्यासारखी. वनिता तिला बघून चटकन उभी राहिली आणि तिने डोक्यावर पदर घेतला. पाटकरांनी ओळखलं.

“तुम्ही सामनेवाल्याच्या आई ना? तुमचा वकील कोण? त्याच्याकडे जा, आमच्याशी बोलायचं नाही.”

“त्याचा वकील नाय,” चांगुणाबाई म्हणाल्या. “तोच गावत नाय, तं वकील कुठनं आसल? मी हिची सासू हाय. हिच्या संगती आलंय.”

“हिच्या बाजूने?”

“व्हय. नात माझी हाय.”

पाटकरांनी चष्मा काढून पुन्हा घातला. त्यांच्या वकिलीत आजवर कुठल्या सासूने असा प्रकार केला नव्हता. आधी त्यांना वाटलं, म्हातारी आतली बातमी काढायला आली आहे. नंतरच्या दोन-तीन तारखांनाही त्यांनी तिच्यासमोर तोंड उघडलं नाही. पण म्हातारी येत राहिली. सकाळच्या गाडीने निडीहून यायची, स्टेशनावरून चालत कोर्टात. पुढे पुढे कोर्टातल्या शिपायापासून चहावाल्यापर्यंत सगळे तिला ‘अर्जदाराची सासू’ म्हणायला लागले. तिलाही ते आवडत असावं, कारण एकदा शिपायाने “आजी, तुम्ही कोण?” असं विचारल्यावर तिने मान ताठ करून तेच सांगितलं होतं.

पुकारा होईपर्यंत ती चहा घेत नसे. मी म्हणायचे, “आजी, साडेबारा वाजले, घोटभर घ्या, पुकारा झाला तर शिपाई ओरडेल.” तर म्हणायची, “नको गो. चायच्या पाठी आपलं नाव जायाचं.” कोर्टात शिरताना साहेबांच्या खुर्चीला नमस्कार करायची, खुर्ची रिकामी असली तरीही. आणि नवे साहेब आले की पहिला प्रश्न, “गाव कुठलं त्यांचं?” लांबचं गाव असलं की तिला बरं वाटायचं. जवळचा माणूस ओळखीपाळखी बघतो, लांबच्याला कोणाची भीड नसते, असा तिचा हिशेब. ते साहेब बदलून गेले की मात्र घरातलं माणूस गेल्यासारखी गप्प बसायची आणि मग म्हणायची, “ह्यांना बी नेला.”

तारखेबद्दलचं तिचं एक वाक्य आमच्या बाररूममध्ये अजून म्हटलं जातं. आखाडातली तारीख होती. लावणी टाकून म्हातारी आलेली, आणि आत गेल्या गेल्या पुढची तारीख पडली. बाहेर येऊन पायावरचा चिखल पायरीला पुसत म्हणाली, “लावनीची तारीख चुकली तं साल जातं. तुमच्या कोर्टाचं साल गेलं तरी तारीख चुकत नाय.” वकील हसले. मीही हसले. ती हसली नाही.

पोटगी हा शब्द तिला अजिबात सोसत नसे. एकदा मी अर्ज वाचून दाखवत होते तर मला मध्येच थांबवून विचारलं, “पोटगी म्हंजे काय गो?” मी सांगितलं, पोटापुरतं देणं.

“मंग ती भीक झाली,” ती म्हणाली. “आमची पोर काय कोनाच्या दारात उबी हाय? तिचा वाटा हाय तो. वाटा लिव.”

मी म्हटलं, “आजी, कायद्यात वाटा नाही, पोटगीच आहे.”

“मंग कायदा करनाऱ्याच्या घरात पोपटी लावत नसतील.”

हे तिने चेष्टेत म्हटलं नव्हतं. हिवाळ्यात वालाच्या शेंगा भरल्या की आमच्याकडे शेतात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यात शेंगा, अंडी, आणि वरून पेंढ्याचा जाळ. मडकं उपडं केलं की चांगुणाबाईंच्या घरात पहिला वाटा काढायचे तो जो तिथे नाही त्याचा. कंपनीत शिफ्टला गेलेल्याचा, माहेरी गेलेल्या सुनेचा, आजाऱ्याचा. मग बाकीच्यांनी खायचं. जो हजर नाही त्याच्यासाठी वाटा ठेवणारं घर होतं ते, आणि त्याच घरातला मुलगा पोटच्या पोरीचा वाटा ठेवत नाही, हे तिला गिळवत नव्हतं. हिवाळ्यातल्या तारखेला ती पानात बांधलेल्या शेंगा घेऊन यायची, काळवंडलेल्या, थंड झालेल्या, आणि वनिताकडे द्यायची. “श्रावणीचा वाटा,” एवढंच म्हणायची. श्रावणी अर्थात शाळेत असायची. आजी-नातीची भेट अशी शेंगांवर चालायची.

आता नावाची गोष्ट सांगते, कारण सगळं तिथेच फिरलं.

एकदा वॉरंट पुन्हा परत आलं तेव्हा ती माझ्याच बाकावर होती. पाटकर चिडून म्हणाले, “मंदाताई, काय शेरा आहे तो वाचा यांना. सगळं गाव सामील आहे.” मी वाचलं: ‘केरू गोविंद या नावाचा इसम सदर गावात राहत नसल्याचे पोलीस पाटील यांनी सांगितले.’

“पोलीस पाटील खोटं बोलतो,” पाटकर म्हणाले.

म्हातारी एकदम थिजली. तिने मला विचारलं, “समद्या कागदांवर ह्येच नाव हाय? केरू?”

“हो. पहिल्यापासून.”

“कोनी सांगितलं?”

वनिताने खाली मान घातली. आमच्याकडच्या बायका अजूनही नवऱ्याचं नाव घ्यायला कचरतात. अर्ज करताना वकिलाने नाव विचारलं तेव्हा ती गप्प राहिली आणि तिच्या भावाने सांगून टाकलं, केरू. लग्नाच्या पत्रिकेत केरू, गावात केरू, पोरीच्या जन्माच्या दाखल्यातही मामानेच सांगितलेलं केरू. नवऱ्याच्या खिशातला कंपनीचा पास तिने कधी वाचला नव्हता, खिशात हात घालायची प्राज्ञाच नव्हती.

त्या दिवशी चांगुणाबाई तशाच उठल्या आणि पुढची गाडी तास-दीड तासाने असूनही स्टेशनाकडे चालू लागल्या. चहा घेतला नाही. पुढच्या तारखेला मात्र सगळ्यांच्या आधी आल्या. दुकानात मी एकटीच होते. माझ्या खुर्चीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “गो मंदा, पोलीस पाटील खोटं नाय बोलत. केरू नावाचा मानूस कागदावर नाय कुठं.”

मग त्यांनी सांगितलं. या मुलाच्या आधी त्यांचे दोन मुलगे गेले होते, दोन्ही जन्मल्यावर पाचवी पुजायच्या आत. हा झाला तेव्हा सुईणीने त्याला घरामागे केराच्या ढिगावर ठेवला आणि परत उचलून आईच्या ओटीत घातला. त्याचं खरं नाव भटजींनी आणि आईने त्याच्या कानात सांगितलं, आणि पुढे शाळेत मास्तरांना सांगितलं, तेवढंच. घरात, गावात त्याला केरू म्हणायचं. “केर म्हटल्यावर कोन उचलून नेनार गो?” त्या म्हणाल्या. खरं नाव मोठ्याने घ्यायचं नाही, कोणी ऐकायला नको. कोणी म्हणजे यम. यमाचं नाव त्यांच्या तोंडून येत नव्हतं म्हणून मी स्पष्ट विचारलं, तेव्हा त्यांनी फक्त मान हलवली.

यमाला चकवायला ठेवलेल्या नावाने रोह्याच्या पोलिसांनाही चकवलं होतं. गावाला हे ठाऊक होतं, आणि कागदापुरतं गाव अक्षरशः खरं बोलत होतं.

“मग खरं नाव काय?” मी विचारलं.

त्या नाव घेईनात. मी कागद पुढे केला, तर लिहिता येत नाही म्हणाल्या. शेवटी बायका उखाण्यात आडून सांगतात तसं सांगितलं, “तो राजा नाय का… सपनात दिलेला शब्द पाळला. बायको-पोर इकलं, मसनात ऱ्हायला, पन खोटं नाय बोलला.”

“हरिश्चंद्र?”

त्यांनी दोन्ही हात कानांवर ठेवले.

मला हसू आवरेना. बायको-पोर सोडणाऱ्याला आईने काय नाव शोधून ठेवलं होतं! पण त्यांच्या तोंडाकडे बघितलं आणि हसू जिथल्या तिथे राहिलं. म्हातारी अशी भेदरली होती की जणू मी दार उघडून कोणाला तरी आत घेतलं होतं.

पाटकरांना खरं नाव कळलं तेव्हा ते आधी स्वतःवर चिडले, मग वनितावर, मग खूश झाले. पण कोर्टात चूक होते एका ओळीत आणि दुरुस्त व्हायला लागतात वर्षं. नाव दुरुस्तीचा अर्ज, त्याची सामनेवाल्याला नोटीस, म्हणजे जो सापडत नाही त्यालाच नोटीस. शेवटी आईची साक्ष घ्यायचं ठरलं. तोवर श्रावणी दहावीला आली होती. तिला पुढे नर्सिंगला जायचं होतं, आणि वनिताचं सगळं गणित त्यावर होतं. नवऱ्याचा पगार कंपनीतूनच दरमहा कापून आला, तर पोरगी शिकेल. नाही आला, तर नाही.

साक्षीच्या दिवशी मी दुकानाचं शटर ओढून कोर्टात गेले. चांगुणाबाई पिंजऱ्यात उभ्या होत्या. न्यायाधीश मॅडम तरुण होत्या, विदर्भातल्या. म्हणजे लांबच्या. त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, “आजी, तुमच्या मुलाचं कागदोपत्री नाव काय?”

म्हातारीने माझ्याकडे बघितलं.

“तुम्ही सांगितल्याशिवाय मला लिहून घेता येणार नाही.”

“त्या ताईला ठाव हाय,” चांगुणाबाईंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

“त्यांनी सांगून चालत नाही. तुम्ही सांगायचं.”

म्हातारीने पदर तोंडाशी नेला आणि नाव घेतलं. इतकं हळू की टंकलेखकाला ऐकू गेलं नाही. मॅडम म्हणाल्या, “जरा मोठ्याने, आजी.” मग तिने मोठ्याने घेतलं. मुलाचं नाव चारचौघांत घेतल्यावर आईच्या चेहऱ्यावर जे यायला हवं ते तिच्या चेहऱ्यावर नव्हतं. पिंजऱ्यातून उतरताना तिला आधार द्यावा लागला. दुकानात आल्यावर मी पाणी दिलं, ते तिने प्यायलं नाही. त्या दिवशी तिने काहीच तोंडात घातलं नाही. वनिताने तिच्या पाठीवर हात ठेवला होता. मला त्या म्हाताऱ्या बाईबद्दल तेव्हा जे वाटलं ते माझ्या सख्ख्या आईबद्दलही क्वचित वाटलं असेल.

खऱ्या नावाचं वॉरंट निघालं. पण वॉरंट घेऊन हवालदार गेला तेव्हा हरिश्चंद्र गोविंद रोह्याची खोली बदलून गेला होता. पुन्हा तोच शेरा. पुढे काय झालं ते मला चांगुणाबाईंनीच सांगितलं, भाताला पाणी किती आलं हे सांगावं तशा आवाजात.

गणपतीला आमच्याकडचा माणूस कुठेही असला तरी घरी येतो. आईशी अबोला असो, अंगावर वॉरंट असो, गणपतीच्या दिवशी तो येणारच, हे तिला ठाऊक होतं. चतुर्थीच्या आधी ती रोह्याला जाऊन हवालदाराला भेटली. म्हणाली, “दुपारी या. आरती होऊन द्या. आन त्याला जेवू द्या आधी.”

हवालदार माणुसकीचा होता. दुपारीच आला, आणि बाहेर ओटीवर बसून राहिला. आत हरिश्चंद्र जेवत होता. आईने त्याला आग्रहाने वाढलं, तूप घातलेले मोदक वाढले, वालाचं बिरडं वाढलं. “आजून एक घे” म्हटल्यावर त्याने हसून ताट पुढे केलं. जेवून हात धुवायला बाहेर आला तेव्हा ओटीवर हवालदार उठून उभा राहिला. त्याने एकदा हवालदाराकडे बघितलं आणि एकदा आईकडे.

“काय बोलला तो?” मी विचारलं.

“काय नाय. हात वले व्हते, तं टावेल मागितला. मी दिला.”

गावाने तिला यासाठी कधी माफ केलं नाही. त्या वर्षी तिच्या घरी संध्याकाळच्या आरतीला कोणी आलं नाही. तिने एकटीने टाळ वाजवून आरती केली. पोलीस पाटलाने पाणवठ्यावर सगळ्यांदेखत म्हटलं, केरात टाकलेलं पोर केरातच ठेवायला हवं होतं, आई अशी असते होय. ते मला सांगताना मात्र तिने तोंड फिरवलं.

हरिश्चंद्रने पैसे भरले नाहीत. कोर्टाने त्याला महिनाभर आत ठेवलं, तो महिनाभर आत बसला. पैसे कोणी भरले नाहीत, आणि आत बसल्याने देणं फिटत नाही, ते तसंच राहतं. दरम्यान पाटकरांनी त्याच्या कंत्राटदाराला पगार कापून पाठवण्याचा हुकूम मिळवला. अनेक वर्षांनी पहिल्यांदा एक कागद योग्य माणसाच्या नावाने योग्य ठिकाणी पोचला. उत्तरही लगेच आलं, आमच्या कोर्टाच्या मानाने तर फारच लगेच. सदर इसम गैरहजर राहिल्याने त्यास कामावरून कमी केले आहे. गैरहजर कुठे होता, तर आमच्याच तुरुंगात. ते पत्र मी वनिताला वाचून दाखवलं तेव्हा तिने फक्त विचारलं, “म्हणजे आता काय?” मला राग आला, कोणावर तेही कळेना. पगार होता तेव्हा नाव नव्हतं, नाव मिळालं तेव्हा पगार गेला.

सुटल्यावर तो घरी गेलाच नाही. फोन बंद. कोणी म्हणालं वापीला आहे, कोणी म्हणालं कोलाडच्या ढाब्यावर दिसला. पुन्हा वॉरंट, पुन्हा शेरा. आता नाव बरोबर होतं आणि माणूस नव्हता.

वनिता हळूहळू यायची थांबली. एका तारखेमागे कारखान्यातला एक दिवसाचा रोज जात होता, आणि कारखान्यात माणसांना तोटा नाही. पण सासू येत राहिली. तिला मी विचारलं, “आजी, गावात कोणी बोलत नाही, लेक तोंड दाखवत नाही, सून येत नाही. तुम्ही कशाला येता?” तर म्हणाली, “पुकारा झाला आन आपलं कोनी नसलं तर? कागद तरी बोलल का, की ह्या पोरीचं कोन हाय?” ती प्रकरणात कोणीच नव्हती, म्हणून तिच्या उभं राहण्याला कायद्यात काही किंमत नव्हती. हे तिला पाटकरांनी दोनदा समजावलं होतं. ती पुकाऱ्याला उभी राहायचीच.

मग श्रावणीला अठरा वर्षं पूर्ण झाली. नर्सिंगचं तोवर कोणी बोलेनासं झालं होतं. बारावी झाल्यावर ती रोह्याला एका कंपनीत पॅकिंगला लागली, तिथेही कंत्राटदाराकडेच. एका सकाळी वनिता माझ्याकडे आली आणि म्हणाली, “ताई, प्रकरण चालवायचं नाही असं लिहून द्या.” मी तिला सांगितलं की मागचं थोडं मागता येतं अजून. ती म्हणाली, “कोणाकडून?” मी टाइप केलं. प्रकरण सोडल्याचं कोर्टाला कळवणारी दोन ओळींची पुरसीस होती ती, आजवर तिच्यासाठी केलेल्या कामातलं सगळ्यात लहान काम.

त्या तारखेला चांगुणाबाई आल्या त्या श्रावणीबरोबर. पोरगी शिफ्ट संपवून, आजीला निडीहून घेऊन आली होती. कंपनीचा निळा शर्ट अंगात तसाच. आजी तिच्यापुढे खूपच लहान दिसत होती, आता काठीही आली होती. पुरसीस दाखल झाली, प्रकरण निकाली निघालं, वॉरंट रद्द करायचा हुकूम झाला. सगळं मिळून चहा निवायच्या आत आटोपलं.

दुकानाच्या बाकावर बसून चांगुणाबाईंनी विचारलं, “म्हंजे हिचं वय झालं म्हनून तो सुटला?”

“तसंच म्हणा,” मी म्हटलं.

“देनं न देता?”

“हो.”

“आजी, सोड ना आता,” श्रावणी म्हणाली. “मी कमावते ना. मला नको त्याचं काय.” पोरगी चिडून नाही, थकून बोलत होती. मग ती रिक्षा बघायला रस्त्यावर गेली.

म्हातारीने पाठमोऱ्या नातीकडे बघितलं. मला वाटलं, नातीचा वाटा बुडाला म्हणून रडेल. पण ती माझ्याकडे सरकली आणि आजूबाजूला बघून, आवाज खाली आणून म्हणाली, “मंदा, मंग आता तो घरी येऊ शकतो. कोन धरनार नाय त्याला.”

“नाही धरणार.”

“पन त्याला ठाव नाय गो. तो अजून लपतच फिरत आसल.” तिने माझं मनगट धरलं. “कोर्ट त्याला कागद धाडल काय? सुटलास म्हनून?”

मी या टेबलावर आयुष्यभर अर्ज टाइप केले, पण हा अर्ज कोणाकडे करायचा ते मला ठाऊक नव्हतं. मी सांगितलं, “नाही आजी. असा कागद कोर्ट धाडत नाही.”

तिने मान हलवली. रस्त्यावरून श्रावणीची हाक आली. म्हातारीने काठी टेकली, पायरीवर चपला घातल्या आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “व्हय. आन धाडला तरी मिळायचा नाय त्याला.”